बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे : डोक्यात घट्ट बसलेले गैरसमज खोडणारी लेखणी

3 जानेवारी आली की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या विहारांत, शाळांत सावित्रीमाई फुले यांची जयंती साजरी होते. मुली नऊवारी नेसून भाषणे करतात, मुले टाळ्या वाजवतात. भाषणे पाठ असतात आणि बहुतेक चांगली असतात. पण कार्यक्रम संपल्यावर टाळ्या वाजवणाऱ्या त्याच मुलांना विचारून पाहावे. मुलींना गणित जमत नाही, बाईच्या डोक्यात व्यवहार शिरत नाही, मुलीला दहावीपुढे शिकवून शेवटी फायदा सासरचाच होतो, असे काहीतरी ऐकायला मिळते. भाषण एका कप्प्यात राहते आणि समज दुसऱ्या कप्प्यात, दोघांची गाठच पडत नाही. अभ्यासवर्ग चालवणाऱ्या आम्हा सगळ्यांना हा प्रश्न रोज भेटतो. बरोबर ते सांगितले, पुन्हा पुन्हा सांगितले, पाठही करून घेतले. तरी चुकीचे जागचे हलत नाही. मग शिकवायचे तरी कसे?

या प्रश्नाचे एक फार जुने आणि फार चांगले उत्तर आपल्याच जिल्ह्यातल्या एका बाईने लिहून ठेवले आहे. त्यांचे नाव ताराबाई शिंदे. त्यांच्यावर भाषणे होतात ती पहिल्या स्त्रीवादी लेखिका म्हणून, आणि तो मान त्यांचाच आहे. आम्ही मात्र येथे त्यांच्याकडे थोड्या वेगळ्या बाजूने पाहणार आहोत. ताराबाईंनी कोणत्याही शाळेत शिकवल्याची नोंद नाही. तरी समोरच्याच्या डोक्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली खोटी समजूत कशी उपसून काढायची, याचा असा नमुना त्या काळच्या मराठीत फुल्यांचे लेखन सोडले तर क्वचितच सापडेल.

ताराबाईंचा जन्म 1850 च्या सुमाराचा, बुलढाण्यातला. 1853 च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले आणि अजिंठ्याच्या डोंगररांगेतले हे थंड हवेचे गाव पुढे जिल्ह्याचे ठिकाण झाले. कचेऱ्या आल्या, कचेरीत कारकून आले. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क होते. घर मराठ्यांचे, थोडीफार शेतीवाडी असलेले, म्हणजे बायकांनी पडद्यात राहायचे असे वळण असलेले. बापूजींना चार मुलगे आणि ही एकच मुलगी. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांशी या घराचा संबंध होता.

बापूजींनी मुलीला घरीच शिकवले: मराठी, संस्कृत आणि इंग्रजी. त्या काळी वऱ्हाडात मुलींच्या शाळा जवळपास नव्हत्याच, हे लक्षात घेतले म्हणजे या तीन भाषांचे मोल कळते. मराठीतून मुलगी घराबाहेरचे जग वाचू शकते, इंग्रजीतून सरकारचे कायदे आणि गोऱ्यांचा व्यवहार तिला समजू शकतो. पण आमच्या मते या घरातला खरा बंडखोर धडा होता संस्कृतचा. बाईने काय करावे आणि काय करू नये हे ज्या पोथ्यांत लिहिले आहे, त्या पोथ्या बाईनेच उघडून वाचायच्या. दुसऱ्याने सांगितलेला अर्थ न घेता मूळ मजकुरावर आपण बोट ठेवायचे. पुढे ताराबाईंनी जे लिहिले ते या एका सोयीशिवाय शक्य नव्हते. (आपल्यातले जे तरुण पाली शिकण्याचा कंटाळा करतात, त्यांच्यासाठी ही जाता जाता केलेली नोंद.)

एवढे शिकवणाऱ्या बापाने लग्न मात्र रीतीप्रमाणेच लावून दिले. नवरा घरजावई म्हणून आला. संसार सुखाचा झाला नाही असे त्यांचे चरित्र लिहिणारे सांगतात. मूलबाळ झाले नाही. ताराबाई बुलढाण्यातच राहिल्या. त्यांच्या आयुष्याबद्दल खात्रीने सांगता येण्यासारखे याहून फारसे काही नाही. पुरुष चारदोन पुस्तके लिहून गेला तरी त्याचे आत्मचरित्र, पत्रव्यवहार, आठवणी मागे राहतात. बाईच्या वाट्याला एक पुस्तक आणि बाकी कोरा कागद येतो.

ते एक पुस्तक एका खटल्यातून निघाले. 1881 साली सुरत जिल्ह्यातल्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला पोटच्या नवजात बाळाचा जीव घेतल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. विधवेचे पुन्हा लग्न नाही, गर्भ राहिला तर समाजात तोंड दाखवायला जागा नाही, आणि ज्या पुरुषापासून गर्भ राहिला त्याचे नावसुद्धा कोणी विचारत नाही, असा तो मामला. पुढे अपिलात फाशी रद्द होऊन काळ्या पाण्याची शिक्षा झाली. पण मधल्या काळात वर्तमानपत्रांना चघळायला विषय मिळाला. पुण्याच्या सनातनी वळणाच्या ‘पुणे वैभव’ पत्रात या निमित्ताने एकूण बायकांच्या जातीवरच आग पाखडली गेली. नव्या शिकलेल्या बायका कशा बिघडल्या आहेत, स्त्रीस्वभाव मुळातच कसा पापी आहे, असा सगळा सूर.

बुलढाण्यात बसून ताराबाईंनी ते वाचले आणि उत्तर लिहिले. 1882 साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापले गेले. ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे त्याचे नाव. पाने 52, प्रती 500, किंमत नऊ आणे. मुखपृष्ठावर विषयही सांगितला आहे : स्त्री आणि पुरुष या दोघांत खरे साहसी कोण, हे स्पष्ट करून दाखवण्यासाठी हा निबंध. साहस म्हणजे आज आपण शौर्य समजतो. ताराबाईंच्या वेळी या शब्दाला अविचाराने केलेले दुष्कृत्य असाही अर्थ होता, आणि तोच येथे आहे. बायका साहसी, म्हणजे मागचापुढचा विचार न करता पाप करणाऱ्या, असा आरोप होता.

आता या 52 पानांत काय केले आहे ते सावकाश पाहू, कारण आपल्या कामाचे जे आहे ते येथेच आहे.

ताराबाई सुरुवातीला समोरच्याचा समज पुरता बाहेर काढतात. स्त्रियांना दोषांचे आगर ठरवणारा एक जुना संस्कृत श्लोक त्या पुढ्यात घेतात. त्यात बाईला संशयी, उद्धट, साहसी, कपटी अशी एकामागून एक विशेषणे लावली आहेत. ताराबाई हा श्लोक टाळत नाहीत, मोघम निषेधही करत नाहीत. एकेक दोष वेगळा काढून टेबलावर मांडतात आणि एकेकाचा हिशेब घेतात. बायका वाईट असतात, हे वाक्य वाऱ्यासारखे आहे, त्याला धरणार कुठे? पण बायका संशयी असतात, असे वेगळे केले की विचारता येते : कोण कोणावर जास्त संशय घेतो? घरातून पाऊल बाहेर टाकले की कोण कोणाला जाब विचारतो?

त्यानंतर येते ती तुलना, म्हणजे पुस्तकाच्या नावातच असलेली युक्ती. जे माप बायकांना लावता तेच पुरुषांना लावा, एवढीच मागणी. चोऱ्या, दरोडे, लाच, खोटे दस्तऐवज, दारूपायी घराची धूळधाण हे उद्योग कोणाचे, असा त्यांचा रोख आहे. ताराबाईंचे वडील सरकारी कचेरीत होते. तिथे कोणाची प्रकरणे येतात हे त्या घराला कोणी वेगळे सांगायची गरज नव्हती. बायको मेली की दहाव्या दिवशी दुसरी आणायला मोकळा असलेला नवरा, आणि नवरा मेला की अलंकार, केस आणि माणसांत बसण्याचा हक्क सगळेच गमावणारी बायको, यांना त्या शेजारीशेजारी उभे करतात. धर्म दोघांना एकच असेल तर नियम दोन का? नवरा बायकोचा देव असेल तर त्याने देवासारखे वागायला नको का? असल्या प्रश्नांना उत्तर देता देता वाचणारा आपल्याच समजात अडकतो.

पुरावे कुठून आणले हेही पाहण्यासारखे आहे. समोरचा ज्या गोष्टी मानतो त्यातूनच आणले. पुराणे मानता ना, मग पुराणांतल्या देवांची आणि ऋषींची वागणूक काढू. सावित्री नवऱ्यासाठी यमाच्या मागे गेली हे सगळे कौतुकाने सांगतात. बायकोसाठी यमाच्या दारात गेलेला नवरा कोणी ऐकला आहे काय, अशा वळणाने त्या विचारतात. सुधारलेल्या बाबूंनाही सोडत नाहीत. स्वतः कोट-बूट चढवायचे, इंग्रजी थाटात राहायचे, पण धर्म सांभाळायचा तो घरातल्या बाईने. सभांत सुधारणेची भाषणे करायची आणि घरी विधवा बहिणीला कोपऱ्यात बसवायचे. त्या काळच्या नाटकांनी आणि गोष्टींच्या पुस्तकांनी कपटी बायकांची चित्रे रंगवून लोकांचे मन कसे घडवले, तेही त्यांनी दाखवले आहे. ही त्यांची दृष्टी आम्हाला फार पुढची वाटते. गैरसमज आकाशातून पडत नाही, त्याला कोणीतरी रोज खतपाणी घालत असते. तेव्हा नाटके होती, आता मोबाइलवर फिरणारे विनोद आहेत.

आणि सर्वांत महत्त्वाचे असे की ताराबाई फक्त खोडून थांबत नाहीत. बाई अडाणी दिसते, भोळी दिसते, चार माणसांत बोलू शकत नाही हे त्या नाकारत नाहीत. ते का, याचे दुसरे कारण देतात. शिकू दिले नाही, घराबाहेर जाऊ दिले नाही, जगाची हवा लागू दिली नाही. कोंडून ठेवलेल्या माणसाला काय येणार? म्हणजे डोळ्यांना जे दिसते ते तसेच राहते, पण त्यामागचे कारण स्वभावातून उठून व्यवस्थेत जाऊन बसते.

हे का चालते, हे समजायला आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण घेऊ. लोणारचे सरोवर आपण सगळ्यांनी पाहिले आहे. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचा तो खळगा कसा झाला, याची एक गोष्ट आजीने सांगितलेली असते : लवणासुर नावाचा दैत्य, विष्णूने त्याला मारले. पुढे शिकलेल्या लोकांनी ती गोष्ट सोडली. पण त्यांनीही बराच काळ दुसरा एक समज धरून ठेवला, की हे ज्वालामुखीचे मुख असावे. तो समज वेडगळ नव्हता. आजूबाजूचा सगळा दख्खनचा खडक ज्वालामुखीच्या लाव्ह्याचाच काळा बसाल्ट आहे, मग खळगाही त्याचाच असणार असे कोणालाही वाटेल. 1970 च्या दशकात सरोवराच्या तळात छिद्रे घेऊन खडक काढले गेले. प्रचंड आघाताशिवाय होऊच शकत नाहीत असे बदल आणि काच त्या खडकांत सापडली, तेव्हा उल्केच्या आघाताचे स्पष्टीकरण पक्के झाले. नव्या स्पष्टीकरणात जुन्या निरीक्षणालाही जागा राहिली : खडक लाव्ह्याचाच आहे, खड्डा मात्र उल्केचा.

मुलांच्या डोक्यातही असेच असते. जड वस्तू हलकीपेक्षा लवकर खाली पडते असे मुलाला वाटते, कारण त्याने दगड आणि पीस पडताना पाहिलेले असते. गुरुजींनी नियम सांगितला तर मुलगा तो पेपरात लिहील, मार्क घेईल आणि घरी जाऊन पुन्हा आपलेच खरे मानेल. शिक्षणावर संशोधन करणाऱ्यांना हे जगभर आढळले आहे. विद्यार्थ्याचे डोके कोरी पाटी नसते. त्यावर आधीच काहीतरी लिहिलेले असते आणि त्याच्या रोजच्या अनुभवात ते चालतही असते. नुसते बरोबर उत्तर देणाऱ्या धड्यापेक्षा आधी चुकीचा समज उघड मांडून, तो का टिकत नाही हे दाखवून, मग योग्य कारण देणारा धडा अनेकदा जास्त उपयोगी पडतो, असेही त्या अभ्यासांत दिसते. ताराबाईंनी हे संशोधन वाचलेले असणे शक्यच नाही. त्यांनी ते 1882 साली करून दाखवले.

आपल्याला तर ही पद्धत परकी वाटायलाच नको. मज्झिम निकायातले अस्सलायन सुत्त आपल्यातल्या अनेकांना माहीत आहे. सोळा वर्षांचा, वेद शिकलेला अस्सलायन हा ब्राह्मणांनी पुढे केलेला तरुण. ब्राह्मणच श्रेष्ठ वर्ण, ब्रह्मदेवाच्या मुखातून जन्मलेला, हा त्याचा दावा. तथागत त्याला हे खोटे आहे असे म्हणून बाजूला सारत नाहीत, प्रश्न विचारतात. ब्राह्मणांच्या बायकांना ऋतू येतो की नाही, गर्भ राहतो की नाही, त्या बाळंत होतात की नाही? यवन आणि कंबोज देशांत दोनच वर्ग आहेत, मालक आणि दास, आणि मालकाचा दास व दासाचा मालकही होतो, हे त्याने ऐकले आहे की नाही? उंची लाकूड घासून पेटवलेली आग आणि हलक्या मानलेल्या माणसाने कुत्र्याच्या डोणीचे लाकूड घासून पेटवलेली आग यांच्या उष्णतेत, उजेडात फरक पडतो काय? प्रत्येक उत्तर अस्सलायन स्वतःच्या तोंडाने देतो आणि शेवटी खाली मान घालून गप्प बसतो. तिथेही तथागत त्याची फजिती करून सोडून देत नाहीत. त्याच्याच परंपरेतल्या जुन्या ऋषींची एक गोष्ट सांगून त्याला बाहेर पडायला वाट देतात. सुत्ताच्या शेवटी तो उपासक होतो.

येथे ताराबाई आणि तथागत यांच्यात फरकही आहे. ताराबाईंची भाषा जळजळीत आहे. टोमणे आहेत, उपहास आहे, मधूनच शिव्याशापाच्या जवळ जाणारा संताप आहे. अशा भाषेने समोरचा माणूस शिकतो की आणखी घट्ट होतो? आमच्या अभ्यासवर्गांत यावर नेहमी दोन तट पडतात. आमचे मत असे की ताराबाईंच्या निबंधाला वाचक दोन आहेत. एक ‘पुणे वैभव’ वाचणारा पुरुष. त्याची समजूत पालटेल अशी आशा त्यांना फारशी असावी असे वाटत नाही. दुसरी वाचक म्हणजे घराच्या आत बसलेली बाई. आपण मुळातच दोषी आहोत, आपल्या नशिबी आले ते आपल्याच पापाचे फळ, हे तिने मनापासून मानलेले आहे. काढायला सर्वांत अवघड गैरसमज हाच असतो, विद्यार्थ्याचा स्वतःबद्दलचा. तो थंड भाषेने निघत नाही. आपल्यासारखीच एक बाई, स्वतःला मराठ्यांच्या घरात कोंडलेली म्हणवणारी, पंडितांना भरसभेत बोटे मोजून प्रश्न विचारते आहे, हे पाहणे हाच तिच्यासाठी धडा असतो. ज्यांच्या आजोबांनी महाडच्या तळ्याच्या गोष्टी सांगितल्या आहेत त्यांना हे वेगळे समजावायला नको.

ताराबाईंच्या आधी 27 वर्षे पुण्यातल्या फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या लहान मुलीने आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेद वाचण्याचा अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म नेमका कोणता, हा तिचा प्रश्न होता. शाळा चांगली की वाईट हे ठरवायला आमच्या दृष्टीने एवढे पुरे आहे : तिथली मुलगी काय पाठ म्हणते यापेक्षा काय विचारते ते पाहावे.

आणि ताराबाईंनी जिथे बोट ठेवले त्याच्या मुळाशी बाबासाहेब गेले. मे 1916 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथा जातीबाहेर लग्न होऊ नये म्हणून जातीला लागणाऱ्या कुलपासारख्या आहेत, असे त्यांनी त्यात मांडले. ताराबाईंना विधवेचा छळ दिसत होता, त्यामागचा पुरुषांचा स्वार्थही दिसत होता. त्या छळाचे जातीशी असलेले नाते बाबासाहेबांनी उलगडले. दोन्ही निबंध एकापाठोपाठ एक वाचावेत, असे आम्ही प्रत्येक कार्यकर्त्याला सांगू.

ताराबाईंच्या मर्यादाही लपवण्याचे कारण नाही. त्यांची नजर मुख्यतः ब्राह्मण आणि मराठा घरांतल्या बाईवर आहे. बाहेर उन्हात राबणारी, पाणवठ्यावरून हाकलली जाणारी महार-मांगांची बाई निबंधाच्या मध्यभागी येत नाही. इंग्रजी राज्याबद्दल त्यांना वाटणारी कृतज्ञताही आज जरा जास्त वाटते. पण त्यांच्या तुलनेचे माप आपल्याला वापरता येते. सवर्ण बाई आणि दलित बाई यांनाही ते लावता येते, आणि आपल्याच घरातला भाऊ आणि बहीण यांनाही. शेवटचे जरा अवघड जाते.

पुस्तक निघाल्यावर वादळ उठले की नाही, यापेक्षा दुःखाची गोष्ट अशी की ज्यांनी पाठीशी उभे राहायचे त्या सत्यशोधकांतल्याही काहींना ते आवडले नाही. जोतीराव फुले मात्र उभे राहिले. 1885 साली काढलेल्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली आणि टीका करणाऱ्या पुरुषांना सुनावले. लेकीबद्दल बोलावे तशी माया त्यात आहे. तरीही ताराबाईंनी त्यानंतर काही छापल्याचे आढळत नाही. 1882 नंतर त्या जवळजवळ तीन दशके जगल्या, 1910 च्या सुमारास वारल्या. एवढी धार असलेली लेखणी एका पुस्तकावर थांबली. 500 प्रती कुठे गेल्या कोणास ठाऊक. 1975 साली स. गं. मालशे यांनी हा निबंध शोधून पुन्हा छापला तेव्हा महाराष्ट्राला कळले की अशी एक बाई होऊन गेली. मधे 93 वर्षे गेली होती. पुढे इंग्रजी भाषांतरे झाली आणि आता परदेशातल्या विद्यापीठांत ताराबाई शिकवल्या जातात. बुलढाण्यातल्या किती वर्गखोल्यांत त्यांचे नाव घेतले जाते, हा प्रश्न आपल्यालाच आपल्याला विचारायचा आहे.

शिकवणारी व्यक्ती एकटी असली की असे होते. ताराबाईंकडे शाळा नव्हती, विद्यार्थिनी नव्हत्या, पुढचा अंक काढायला वर्तमानपत्र नव्हते. ज्या वर्षी त्यांचे पुस्तक आले त्याच 1882 साली फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शिक्षक शेतकरी जातींतून घ्यावेत, नांगर धरण्याची लाज न वाटणारे, गरिबांत मिसळणारे असावेत, त्यांना पगार नीट द्यावा, आणि मोडी-बाळबोधीबरोबर हिशेब, शेती, आरोग्य शिकवावे, अशा त्यांच्या मागण्या होत्या. शिक्षक विद्यार्थ्यांच्या जगातला असावा, या आग्रहामागचे कारण ताराबाईंचे पुस्तक वाचले की कळते. ज्याला मुलांचा समज कुठून आला हेच माहीत नाही, तो त्याला हात कसा घालणार?

म्हणून यंदा अभ्यासवर्ग चालवणाऱ्या चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, खामगाव भागातल्या तरुणांपुढे आम्ही एक साधी कल्पना ठेवतो. 3 जानेवारीच्या भाषणांशेजारी एक तास वेगळा ठेवा. मुलामुलींना कागद द्या, नाव लिहायला सांगू नका, आणि मुलगे व मुली यांत काय फरक असतो ते जे खरोखर वाटते ते लिहू द्या. कागद वाचताना कोणाला हसू नका, रागावू नका, लगेच बरोबर उत्तरही सांगू नका. जे समज जास्त वेळा आले ते फळ्यावर एकाखाली एक लिहा, जसे ताराबाईंनी त्या श्लोकातले दोष मांडले. मग एकेकासमोर माप मागा. मुलींना गणित येत नाही असे आले असेल तर आपल्याच गावातल्या शाळेचे गेल्या वर्षीचे मार्क पोरांनीच काढून आणावेत. शिकवणीला कोण जाते, संध्याकाळी अभ्यासाच्या वेळी पाणी कोण भरते, भाकरी कोण थापते, धाकट्या भावंडांना कोण सांभाळते, हेही घरोघरी विचारून तासांत मांडावे. पोरींचे मार्क कुठे कमी निघालेच तर दडवू नयेत. ताराबाईंनीही बाईचे अडाणीपण दडवले नव्हते. त्या आकड्यांशेजारी पाण्याच्या घागरींचे तास लिहावेत आणि कारण काय ते पोरांनाच ठरवू द्यावे.

वर्ग घेणाऱ्याने त्या दिवशी कमी बोलावे. मुलांना आपापल्या समजाशी भांडायला वेळ लागतो, आणि एका तासात ते मिटत नाही. पुढच्या आठवड्यात तोच फळा पुन्हा पुसावा आणि तेच प्रश्न पुन्हा लिहावेत. दर आठवड्याला चार पाने वाचली तर ‘स्त्रीपुरुषतुलना’ तेरा आठवड्यांत वाचून होते. 3 जानेवारीला सुरू केले तर एप्रिलमध्ये भीमजयंतीच्या आत पुस्तक संपलेले असेल. भाषा जुनी आहे, काही शब्द अडतील. आजीला विचारा, तिला बहुतेक सगळे समजतील.